गळ्यातला मोठा, हातातला छोटा

हललेल्या फोटोचे दोन प्रकार असतात. समोरचा माणूस हलला तर तेवढा माणूस फिसकटतो, बाकी खुर्ची, भिंत, कुंडी जागच्या जागी स्वच्छ राहतात. फोटो काढणाऱ्याचा हात हलला तर मात्र सगळीच्या सगळी चौकट हलते, भिंतीसकट. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरीसुद्धा त्या दिवशी बिबवेवाडीतल्या माझ्या स्टुडिओत बसून एका साखरपुड्याचे फोटो बघताना, नवरी, नवरा, सासू, सोफा, सोफ्यामागचा पडदा असं सगळं सारखंच हललेलं दिसत असताना, मी काय म्हणालो? लेन्स गेली.

लेन्सच जाणार. माणूस स्वतःवर कधी घेतो होय?

पन्नासेक फोटो बायकोच्या हाती लागायच्या आधी उडवून टाकले. आमच्याकडे फोटो मी काढतो आणि अल्बम ती लावते. एकाच टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मग लेन्स आणि कॅमेरा दोन्ही पिशवीत घालून पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ माझ्यापेक्षा म्हातारा आणि माझ्यापेक्षा तिरसट. त्याने लेन्स उजेडासमोर धरली, फिरवली, कॅमेऱ्याला लावून समोरच्या दुकानाच्या पाटीचे चार फोटो काढले, आणि सगळं पुन्हा माझ्यासमोर सरकवलं.

"लेन्स ठणठणीत आहे. कॅमेरा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आता धरणाऱ्याला कुठे दाखवायचं ते तुम्ही बघा. आमच्याकडे ती सोय नाही."

मी तिथे हसलो. स्वारगेटच्या सिग्नलला मात्र हिरवा दिवा लागला तरी मागच्याने हॉर्न मारेपर्यंत मी स्कूटर हलवली नाही.

कारण मला माहीत होतं. महिना-दीड महिना माहीत होतं. डीएसएलआर आणि त्याच्यावरची ती लांबुडकी लेन्स मिळून चांगलं अडीच किलोचं धूड होतं. ते डोळ्याला लावलं की चौथ्या-पाचव्या फोटोला माझा उजवा हात कोपरापासून थरथरायला लागायचा. बोटांना मुंग्या यायच्या. मी भिंतीला टेकायचो, खांबाला टेकायचो, एकदा तर नवऱ्या मुलाच्या काकांना "जरा इकडे उभे राहा हं" म्हणून त्यांच्याच खांद्याआड कोपर टेकवलं होतं. त्यांना वाटलं, फोटोत घेतोय.

आणि हात थरथरणं म्हणजे काय हे आमच्या घरात कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. कारखान्यात त्यांचा हात कसा स्थिर आहे याची उदाहरणं दिली जायची. तिथे स्थिर नसून चालतच नाही म्हणा. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्यांना कंपवात झाला. शेवटी शेवटी सदऱ्याची बटणं माझी बायको लावायची. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःचा सदरा स्वतः धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून घातला, तो सुनेसमोर मान वर करून लहान मुलासारखा उभा राहायचा. ते मी बघितलेलं आहे. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं, आणि आरशात तर अजिबातच नाही.

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो नाही. भीती वाटत होती, सरळ सांगतो. डॉक्टरने एकदा शब्द उच्चारला की तो परत घेता येत नाही. आणि फोटोग्राफरचा हात गेला की उरतं काय? पुढची चार लग्नं घेतलेली होती. आता ती करायची कशी, एवढाच मी विचार केला.

तेव्हा मला छोटा कॅमेरा आठवला.

हा कॅमेरा आमच्या मुलीने कधीतरी सहलीसाठी घेतला होता. सुपरझूम म्हणतात तो प्रकार. तळहातात मावतो, खिशात जातो, बटण दाबलं की नाक लांब करतो आणि दूरचं जवळ आणतो. मुलगी बंगळूरला गेली, फोनवर फोटो काढायला लागली आणि हा आमच्याकडे राहिला. बायको गॅलरीतून शेजारच्या झाडावरचे पक्षी त्याच्यावर टिपायची. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. साबणाची डबी म्हणायचो. "डबीतून आज काय निघालं? शिंजीर की फेस?" असं विचारायचो आणि ती पुढचा पक्षी शोधायला लागायची.

आता तीच डबी मी गुपचूप कपाटातून काढली. तिचं कार्ड तिच्या खणात ठेवलं, माझं घातलं, आणि "अगं, लग्नात एक जादाचा असू दे म्हणून नेतोय" असं सांगितलं.

"न्या की," ती म्हणाली. "डबीच तर आहे."

लग्न मांजरी गावात होतं. सकाळचं, लॉनवर, आमच्याच बौद्ध समाजातलं. उसाच्या शेतांना लागून नव्या इमारती झाल्यात, त्यांच्यामध्ये हे लॉन. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: यजमान फोटोग्राफरचं काम बघत नाही, कॅमेरा बघतो. लेन्स जेवढी लांब तेवढा माणूस भरवशाचा. खिशातून साबणाची डबी काढणाऱ्याला लोक पाहुणा समजतात आणि जेवायला बसवतात. म्हणून मी काय केलं, तर मोठा कॅमेरा लांबुडक्या लेन्ससकट गळ्यात अडकवला आणि फोटो छोट्याने काढायला सुरुवात केली. मोठ्यात कार्डसुद्धा घातलं नव्हतं. नवरीचे मामा फाटकातच भेटले, माझ्या छातीवरच्या धुडाकडे बघून म्हणाले, "हां! हे फोटोग्राफर वाटतायत." मी नम्रपणे मान हलवली. ती तशीही वजनाने खाली गेलेलीच होती.

आता खरं सांगायचं तर दोघांची तुलना करायचा माझा काही विचार नव्हता. पण दिवसभर एक गळ्यात आणि एक हातात असल्यावर ती आपोआप होते.

मोठा तो मोठाच. मांडवाच्या आत, सावलीत, नवरीच्या पांढऱ्या साडीची जर जशी त्याने टिपली असती तशी छोट्याच्या बापाला जमणार नाही. आत उजेड कमी झाला की छोट्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. बटण दाबलं की मोठा तत्क्षणी खटाक करतो. छोटा आधी विचार करतो, मग नाक हलवतो, मग फोटो काढतो, तोवर हार गळ्यात पडलेला असतो. दोनदा माझा हार चुकला. पोरांना म्हटलं, "परत घाला रे एकदा, जरा प्रेमाने." त्यांनी घातला.

पण वंदना सुरू झाली आणि चित्र बदललं. सगळे उभे, हात जोडलेले, लॉनवर शांतता. अशा वेळी मोठ्याचा खटाक म्हणजे भन्तेजींच्या कपाळाला आठी. ती आठी मी बऱ्याच लग्नांत खाल्लेली आहे. छोटा मुका. मी सगळ्यात मागे, शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे उभा राहिलो आणि तिथून नवरीच्या पापणीपर्यंत पोचलो. स्टेजवर चढलो नाही, कुणाच्या आड आलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ कुणाच्याही व्हिडिओत आली नसेल. फुलांच्या पाकळ्या उडाल्या तेव्हा मी एका पाठोपाठ एक फोटो काढत गेलो, आणि सगळे स्थिर आले. एकही हललेला नाही. मी मनातल्या मनात त्या डबीतल्या स्टॅबिलायझेशनच्या, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरून घेणाऱ्या करामतीच्या, पाया पडलो.

घरी आलो तेव्हा मान आखडली होती आणि उजव्या हाताची बोटं बधिर होती. दिवसभर गळ्यात अडीच किलो घेऊन फिरल्यावर दुसरं काय होणार, हे कळायला खरं तर दुरुस्तीवालाही लागत नव्हता. मला कळलं नाही. मी फक्त दादांचा विचार करत होतो.

पुढचे दोन महिने असेच गेले. आणखी तीन लग्नं. गळ्यात मोठा, हातात छोटा. घरी मी चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागलो. बायको काही म्हणायची नाही. छोटा घरी असला की तीच तो घेऊन बसायची. एकदा संध्याकाळी मी खुर्चीत बसून बातम्या बघत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात छोटा डोळ्यासमोर धरून उभी.

"काय काढतेयस?"

"चिमणी."

"घरात?"

"गॅलरीत आहे, तुमच्या मागे. हलू नका."

मी हललो नाही. चिमणी काही मला दिसली नाही, पण माझं लक्ष बातम्यांत होतं.

मग एका दुपारी तिने मला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पडद्यावर मांजरीच्या लग्नातला फोटो होता. पुढे नवरी, आणि मागे, खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला, नवरीचे वडील उपरण्याने डोळे पुसताना. लांब होते, पण स्पष्ट. त्यांच्या शेजारची बाई त्यांच्याकडे बघतेय, तेही स्पष्ट.

"हा तुम्ही मोठ्याने काढलेला नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"अहो, तुमच्या फोटोत मागची माणसं कधी दिसली आहेत का? तीस वर्षं मी अल्बम लावतेय. पुढे नवरी, मागे नुसतं दही."

मला राग आला. मागचं धूसर करणं हीच तर मोठ्या कॅमेऱ्याची कमाई. त्याच्यासाठी लोक महागाची लेन्स घेतात. पण त्या फोटोकडे बघताना राग टिकेना. किती बापांचं मी दही केलं असेल, असं मनात आलं.

"चारही लग्नं डबीने केलीत," ती म्हणाली. "आणि चहा डाव्या हाताने पिताय. उद्या सकाळी अकराची वेळ घेतलीये डॉक्टरची. खोटीनाटी कारणं नकोत."

"कसले डॉक्टर?"

"दादांना दाखवलं होतं तसले."

मी खुर्चीत बसलो. तीन महिने मी लपवत होतो ते तिने इतकं सहज टेबलावर ठेवलं. मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडायलाही आलं. मी म्हणालो, "मला बटणं लावून घ्यायची नाहीत कुणाकडून." ती म्हणाली, "मग टी-शर्ट घाला. चला, जेवून घ्या."

डॉक्टर तरुण होते, चाळिशीच्या आतले, बोलणं एकदम मोजकं. त्यांनी माझे हात पुढे धरायला लावले, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कोपर वाकवून बघितलं, चालायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला लावलं. मी दादांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "वडिलांचा हात कधी थरथरायचा? काम करताना, की नुसते बसलेले असताना?"

काय विचित्र प्रश्न, मला वाटलं. थरथरायचा म्हणजे थरथरायचा. पण मग मला फोटो आठवला.

तो आमच्या हॉलमध्येच लावलेला आहे. बुद्धपौर्णिमेची सकाळ, खडकीच्या नातेवाइकांच्या क्वार्टरबाहेर दादा पांढऱ्या सदऱ्यात लोखंडी खुर्चीवर बसलेत. रोलचे दिवस होते, मीच काढला होता. दादांचा चेहरा स्वच्छ, सदऱ्याची इस्त्री स्वच्छ, मागची कुंडीसुद्धा स्वच्छ. फक्त मांडीवर ठेवलेला उजवा हात फिसकटलेला. मी तो वाया गेलेला फोटो समजायचो. आईने हट्टाने लावून घेतला होता.

"नुसते बसलेले असताना," मी म्हणालो. "मला उचलून... नाही, माझ्या मुलीला उचलून घ्यायचे तेव्हा थांबायचा."

"आणि तुमचा?"

"मोठा कॅमेरा धरला की."

"छोटा धरला की?"

"नाही. त्याला स्टॅबिलायझेशन असतं ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "फोटो स्थिर येतो तो स्टॅबिलायझेशनमुळे. मान्य. तुमचा हात स्थिर राहतो, तो कशामुळे?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. तीस वर्षांचा अनुभव, म्हणे.

तेवढ्यात बायकोने पर्समधून छोटा कॅमेरा काढला. त्यात तिचं कार्ड होतं. "डॉक्टर, हे एकदा बघता का?" म्हणून तिने तो त्यांच्यापुढे धरला. मी वाकून बघितलं. पडद्यावर माझा हात होता. नुसता हात. खुर्चीच्या दांड्यावर, बातम्या बघताना. मग दुसरा, मांडीवर. मग पेपर वाचून झाल्यावर टेबलावर. मग दुपारी डुलकी लागलेली असताना उशीवर. स्वयंपाकघराच्या दारातून, गॅलरीतून, पूर्ण झूम करून काढलेले. व्हिडिओही होते. संध्याकाळच्या उजेडात शटर इतकं हळू चालतं की हात तसूभर हलला असता तरी फिसकटलाच असता. एकाही फोटोत फिसकटलेला नव्हता. चिमणी म्हणे!

डॉक्टरांनी एकेक करून सगळे बघितले. मग म्हणाले, "वहिनी, माझं अर्धं काम तुम्ही केलंत." आणि माझ्याकडे वळून, "कंपवाताचं एकही लक्षण मला दिसत नाही. मानेत शीर दबलीये असं वाटतंय. एमआरआय काढू, खात्री होईल. पण आधी सांगा, गळ्यात काय अडकवता?"

मी सांगितलं. मोठा सांगितला, लेन्स सांगितली, अडीच किलो सांगितलं. मग, खोटं कशाला बोला, तो नुसताच अडकवतो आणि त्याने फोटो काढत नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे ज्याच्यामुळे हात गेला, तो काम नसताना दिवसभर गळ्यात?"

"लोकांना बरं वाटतं," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी खिडकीकडे बघितलं. बायको मात्र हसली. आधी तोंडावर पदर धरून आणि मग धरवेना तेव्हा मोकळेपणी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. माझा जीव असा भांड्यात पडला की त्या खुर्चीवरून उठावंसंच वाटेना. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला होता, म्हणून उठलो.

एमआरआयमध्येही तेच निघालं. मानेचे व्यायाम लागले, ते कंटाळवाणे आहेत आणि मी करतो. मोठा कॅमेरा विकलेला नाही. तो आता ट्रायपॉडवर उभा राहतो आणि मांडवाच्या आतले, कमी उजेडातले फोटो काढतो, ज्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गळ्यात काहीही नसतं. परवा एका लग्नात कुणीतरी मला पाहुणा समजून पंगतीत बसवलं. जेवून घेतलं.

त्या दिवशी डॉक्टरकडून घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "मला सांगायचंस ना. तीन महिने मी मेल्यासारखा जगत होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही हात आवळून बसला असता," ती म्हणाली. "मग मला दिसलं काय असतं?"

"हे सुचलं कसं पण?"

तिने हॉलमधल्या दादांच्या फोटोकडे मान केली आणि चहा टाकायला गेली.

मी छोटा हातात घेतला आणि तिचं कार्ड शेवटापासून मागे मागे बघत गेलो. माझा हात, माझा हात, मध्येच एखादा शिंजीर, पुन्हा माझा हात. जात जात पहिल्यापर्यंत आलो. तारीख साखरपुड्याच्याही आधीची होती. म्हणजे मी लेन्सवर आळ घेत होतो, त्याच्याही आधीपासून तिला शंका होती, आणि ती एकटीच ती शंका घेऊन दारात उभी होती.

तो पहिला फोटो मात्र वाया गेलेला होता. त्यात माझा हात हललेला होता. पण खुर्चीही हललेली होती, टीव्हीही, भिंतही, आणि भिंतीवरचे दादाही. सगळी चौकटच हललेली होती.

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला. मी कॅमेरा बंद केला, आत गेलो आणि दोन्ही कप उजव्या हाताने, एकेक करून, बाहेर आणले.